मामांची बारा बोअरची बंदूक सिंधुदुर्गातून गोव्यात माझ्या नावावर कशी करावी?

डिचोलीचा बागायतदार (प्रश्न)

माझे मामा कुडाळ तालुक्यात राहतात. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी बंदूक असून तिचा परवाना सिंधुदुर्गच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दिलेला आहे आणि त्याचे नूतनीकरण वेळच्या वेळी होत आले आहे. मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांना मूलबाळ नाही, आणि प्रत्येक निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणे व परत आणणे आता त्यांना झेपत नाही. ती मला द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. मी उत्तर गोव्यात राहतो. काजूची आणि केळीची बाग आहे, रानडुकरांचा उपद्रव फार आहे, पण माझ्याकडे शस्त्रपरवाना नाही. पैशांचा व्यवहार नसल्यामुळे बक्षीसपत्र करून बंदूक आणता येईल, असे एका नातेवाइकांचे मत आहे. ते बरोबर आहे का?

निवृत्त परवाना लिपिक

बक्षीसपत्राच्या आधारावर बंदूक कृपया आणू नका. बक्षीसपत्राने वस्तूची मालकी बदलेल, परंतु शस्त्र जवळ बाळगण्याचा अधिकार शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 3 नुसार केवळ परवान्यानेच मिळतो, आणि तुमच्याकडे परवाना नसताना ती बंदूक तुमच्या घरात सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान दोन वर्षांचा कारावास आहे. मामाही सुटणार नाहीत, कारण घेणाऱ्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणे हा कलम 29 नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. त्या वयाच्या माणसाला आपल्या घाईमुळे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत.

सुरुवात तुमच्याकडून झाली पाहिजे. तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे उत्तर गोव्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करा. सिंधुदुर्गचे कार्यालय तुम्हाला परवाना देणार नाही. कोणती बंदूक, कोणाकडून घेणार, हे अर्जासोबत स्पष्ट लिहा आणि मामांचे संमतिपत्र व त्यांच्या परवान्याची प्रत जोडा. पोलीस चौकशी होईल, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागेल. तुमचा परवाना हाती आल्यानंतर मामांची पाळी येते. कलम 5(2) नुसार त्यांनी आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना हस्तांतरणाचा इरादा आणि तुमचे नाव-पत्ता लेखी कळवायचा असतो, आणि त्यानंतर किमान 45 दिवस उलटल्याशिवाय बंदूक द्यायची नसते. या पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. नोकरीत असताना मी पाहिलेल्या अडकलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक या एका पोचेअभावी अडकलेली असत. शेवटी मामांच्या परवान्यावरून बंदुकीची नोंद कमी होते आणि तुमच्या परवान्यावर तिच्या क्रमांकासह चढते.

मामांच्या परवान्यावर राष्ट्रीय माहितीसंचातील युनिक ओळख क्रमांक आहे का, तेही आधी पाहा. जुन्या परवान्यांवर तो नसेल तर परवानाच वैध धरला जात नाही.

कोल्हापूरची वकील

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वारसांविषयी थोडे सांगते, कारण हा गैरसमज सर्वत्र आढळतो. शस्त्र नियम, 2016 मध्ये वारसासाठी सवलतीची तरतूद आहे: परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर, किंवा त्याने वयाची 70 वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र 25 वर्षे बाळगल्यावर, तो नामनिर्देशित करील त्या कायदेशीर वारसाच्या परवान्याचा विचार होऊ शकतो. मामांचे वय या तरतुदीत बसते, पण भाचा म्हणून तुम्ही आपोआप त्यांचे वारस ठरत नाही. त्यांच्या पत्नी किंवा इतर जवळचे वारस हयात असतील तर प्रथम त्यांचा विचार होतो. म्हणून सर्वसाधारण हस्तांतरणाचा मार्ग धरूनच तयारी करावी, असा माझा सल्ला आहे.

मधल्या काळात मामांचे काही बरेवाईट झाले, तर घरातल्या कोणीही बंदूक स्वतःजवळ ठेवू नये. कलम 21 नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेथे ठेवल्याने तुमचा हक्क बुडत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने वडिलांची बंदूक कोल्हापुरात विक्रेत्याकडे ठेवली आणि बेळगावच्या मुलाला परवाना मिळाल्यावरच ती सोडवून नेली. वेळ लागला, पण कोणावर किटाळ आले नाही.

डिचोलीचा बागायतदार

दोघांचेही मनापासून आभार. मामी हयात आहेत, त्यामुळे त्यांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्रही घेईन. शेवटची शंका: परवाना मिळाल्यावर बंदूक मीच गाडीतून बांद्यामार्गे आणू शकतो का? आणि शिल्लक काडतुसांचे काय?

निवृत्त परवाना लिपिक

तुमच्या परवान्यावर त्याची क्षेत्रवैधता लिहिलेली असेल. ती केवळ गोवा राज्यापुरती असेल, तर महाराष्ट्राच्या हद्दीत ती बंदूक बाळगण्याचा अधिकार त्या परवान्याने मिळत नाही. मामांच्या परवान्याचीही सीमेपलीकडे तीच स्थिती. त्यामुळे प्रवासाची परवानगी परवाना प्राधिकाऱ्यांकडून आधी लेखी घ्या, किंवा दोन्ही बाजूंच्या परवानाधारक विक्रेत्यांमार्फत बंदूक मागवा. दुसरा मार्ग थोडा खर्चिक असला तरी मी तोच निवडला असता. काडतुसांनाही तोच नियम लागू आहे: ती मामांच्या पत्रात संख्येसह लिहा.

आणखी एक गोष्ट, रानडुकरांचा उल्लेख झाला म्हणून. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि पिकाला उपद्रव करणाऱ्या प्राण्याबाबतही कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तो अर्ज वन खात्याकडे वेगळा करा.