सिस्टरची नोकरी सोडावी का?

रातपाळी
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन ९ वर्षं झाली, सगळी नाशिकच्या एकाच खाजगी हॉस्पिटलात. मेडिकल वॉर्ड. रात्री २२ पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. हातात १७ हजार येतात. पगाराचं जाऊ दे. गेल्या महिन्यात ७ आणि ९ नंबरच्या बेडवर दोघंही पाटील होते. ७ नंबरची शुगर ३४० आली. रात्री अडीचला इन्सुलिन भरलं आणि ९ नंबरच्या आजोबांच्या दंडाला स्पिरिट लावलं. ते झोपेतच म्हणाले, "पोरी, मला कुठं शुगर आहे?" हात तिथंच थांबला.

सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर (वॉर्डचा ताबा) देताना मीच इन्चार्जना सांगितलं. मेमो मिळाला. २२ पेशंटना एकच सिस्टर का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून घरी आले तरी डोळा लागत नाही, कुणाचं अँटिबायोटिक राहिलं का हेच डोक्यात. काम मला मनापासून आवडतं, तरी सोडावंसं वाटतं. कुणी सोडली आहे का?

निवृत्त इन्चार्ज
बाळा, तू आपणहून सांगितलंस आणि तुलाच मेमो! आता त्या वॉर्डात पुढची मुलगी तोंड उघडेल का? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या जनरल वॉर्डला ५ पेशंटमागे एक सिस्टर आहे. आमच्या सरकारी वॉर्डातही तो कधी पाळला गेला नाही, खाटा भरल्या की खाली गाद्या पडायच्या. मी ३१ वर्षं टिकले ती पेन्शनच्या भरवशावर, तुला तोही आधार नाही. मेमोला लेखी उत्तर दे. त्या रात्रीची पेशंटसंख्या त्यात लिही आणि पोच घे.

शिकतेय जर्मन
ताई, मी सोडली. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या निकालानंतर केंद्राच्या समितीनं ५० खाटांखालच्या हॉस्पिटललासुद्धा किमान २० हजार पगार सुचवला होता. मला १४ मिळायचे. राजीनाम्याआधी ओरिजिनल सर्टिफिकेटं ताब्यात घ्या. माझी बॉण्डच्या नावाखाली पाच महिने अडकवून ठेवली होती. आता पुण्यात जर्मन भाषेच्या बी२ पातळीची तयारी करतेय.

रातपाळी
उत्तर दिलं. "ड्युटीवर सिस्टर १, दाखल रुग्ण २२" एवढी ओळ वेगळी लिहिली. इन्चार्जनी दोनदा वाचली आणि काही न बोलता पोच दिली. सर्टिफिकेटं सोमवारी मागते. आज परत नाईट आहे, २४ पेशंट आहेत म्हणे.