मदत हवी आहे: चांदी-तांबं मिश्रधातूच्या सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत) तांब्याचा पीक सरकतोय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय, हुपरीच्या एका कारागिराकडनं ९२.५ टक्के चांदीचा पत्रा आणलाय (बाकी ७.५ तांबं) आणि ०.१ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली) सायक्लिक व्होल्टॅमेट्री करतोय (व्होल्टेज पुढं-मागं फिरवत करंट मोजायचा), स्कॅन रेट म्हणजे व्होल्टेज फिरवायचा वेग ५० मिलीव्होल्ट पर सेकंद. चांदीच्या ऑक्साइडचा पीक (करंटच्या आलेखातला उंचवटा) जागचा हलत नाही, पण त्याच्या बराच आधी तांब्याचे बारके पीक येतात ते दर सायकलला सरकतात, उंचीपण बदलते. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचाय, अल्कलीत तो फार वेळ ठेवू नये हे माहितीय, पण तो बिघडला असता तर चांदीचापण पीक सरकला असता की! म्हणून मला वाटतंय पृष्ठभागावरचं तांबंच कमी-जास्त होतंय.

आता स्कॅन रेट १० ते २०० बदलून बघावं का? पीक करंट थेट स्कॅन रेटच्या प्रमाणात वाढला तर पृष्ठभागावरचा थर, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढला तर डिफ्यूजन (द्रावणातनं पसरत येणं), एवढं कळतं, पण एवढ्या बारक्या पीकची बेसलाइन (उंची जिथनं मोजायची ती रेघ) धरायची कुठनं? आणि प्रत्येक रनआधी ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनानं घासायचंच का, का निगेटिव्ह व्होल्टेजला धरून ऑक्साइड रिड्यूस केलं तरी चालतं?

कुणाकडं अल्कलीत चालणारा मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड असला तर थोडे दिवस द्या, सांगली-मिरजेपर्यंत येऊन घेऊन जाईन.