मदत हवी आहे : मॉडेल रेल्वेच्या वायरिंगला कोणते कनेक्टर?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. मुलासोबत पूर्णा जंक्शनचा एचओ, म्हणजे १:८७ मापाचा लेआउट करतोय, तीन पाट्यांवर. पाहुणे आले की पाट्या सोडवून भिंतीला लावाव्या लागतात. सध्या स्क्रूची कनेक्टर पट्टी आहे. दर वेळी वायरीचे तार तुटतात. परवा दोन वायरी उलट लागल्या, पाट्या जोडताच शॉर्ट! पोरगं रडवेलं झालं.

रुळांच्या मुख्य लाईनला दीड एमएम वायर, डीसीसी (रुळांतूनच गाड्यांना डिजिटल हुकूम देणारा) कंट्रोलर ५ अँपिअरचा. एक्सटी-६० हा दोन पिनांचा कनेक्टर उलटा बसतच नाही, म्हणून तो आवडतो. पण सांध्याच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या, मोटरींच्या आठ बारीक वायरींचं काय? त्यांना वेगळ्या आकाराचा कनेक्टर हवा, म्हणजे चुकून रुळांच्या लाईनला जुळणार नाही. वारंवार काढघाल करून कोणता टिकला? नांदेड किंवा संभाजीनगरात कुठे मिळेल?