फवारणी, मेंदू आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

प्रश्न: कपाशीकर, परभणी जिल्हा
आमच्याकडे कपाशीवर फवारणीचा पंप बहुतेक वेळा धाकटा भाऊच पाठीवर घेतो. गेल्या हंगामापासून फवारणीच्या रात्री त्याचे डोके दुखते, झोप लागत नाही आणि सांगितलेली कामे तो विसरतो. क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या म्हणजे मेंदूला बाधा होत नाही, असे कृषी सेवा केंद्रात एकाने सांगितले. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर: जैवरसायन शिक्षक, छत्रपती संभाजीनगर
सल्ला निराधार नाही, पण अपुरा आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे मज्जातंतूंचा निरोप वेळीच थांबवणारे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात आणि त्याखेरीज मुक्त मूलकेही, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणूही, वाढवतात. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के असला, तरी ऑक्सिजन सुमारे २० टक्के वापरतो आणि त्याच्या पेशींच्या आवरणांत सहज ऑक्सिडीकरण होणारी स्निग्धाम्ले भरपूर असतात. त्यामुळे ही झळ त्याला अधिक लागते. ई जीवनसत्त्व त्या आवरणातच राहून नुकसानीची साखळी तोडते आणि त्यात खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करते. उंदरांवरील प्रयोगांत या जोडीने मेंदूतील स्निग्धांची हानी कमी झालेली आढळली आहे. मात्र तेथे विष आणि जीवनसत्त्व दोन्ही मोजून दिलेले असतात. भिजलेल्या सदऱ्यातून अंगात किती औषध गेले, हे शेतात कोण मोजणार? शिवाय बंद पडलेले विकर या गोळ्यांनी मोकळे होत नाही.

उत्तर: डॉक्टर, बीड
वरील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही औषधे रुग्णालयातच दिली जातात. लाळ सुटणे, दरदरून घाम येणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न घालवता फवारणीच्या औषधाच्या डब्यासह रुग्णाला रुग्णालयात न्यावे. आपल्या भावाच्या तक्रारींना दुसरेही कारण असू शकते. म्हणून रक्तातील कोलिनेस्टरेज तपासून घ्यावे, आणि तेही फवारणीनंतर लवकर, कारण उशीर झाल्यास आकडा पूर्ववत दिसू शकतो. तोवर पंप त्याच्या पाठीवर देऊ नये. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा परस्पर घेऊ नयेत.

उत्तर: मोसंबी बागाईतदार, जालना
गोळ्यांपेक्षा पंप आधी पाहा. गळक्या झाकणातून पाठ भिजते आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतूनही शरीरात जाते, हे आमच्याकडे अजून अनेकांना पटत नाही. शेजारच्या विदर्भात, यवतमाळला, २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तरी उघड्या अंगाने फवारणारे आजही दिसतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याकडे पाठ आणि काम संपताच साबणाने अंघोळ, एवढे तरी पाळावे. फवारणीचे कपडे घरातल्या धुण्यात मिसळू नयेत. जीवनसत्त्वे हवी असतील तर पेरू, आवळा, शेंगदाणे आणि आपले करडईचे तेल आहेच. आमची मोसंबीही आहे, पण ती हात धुतल्यावरच सोलावी.