व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ अलाइन करायचाय, आयएफ (आतली मधली फ्रिक्वेन्सी) किती? (मदत हवी आहे)

माडाखाली
वेंगुर्ल्याच्या घरातला जुना रेडिओ चालू केलाय. अलाइनमेंट (स्टेशनं तबकडीवर जागच्या जागी लागणं) गेलीय. पणजी स्टेशन १२८७ किलोहर्ट्झऐवजी तबकडीवर १२०० च्या जवळ लागते, वरच्या टोकाला नुसती खरखर. थोड्या वेळाने आवाजही फाटतो. आयएफ कितीला लावू आणि कुठला स्क्रू आधी, एवढंच सांगा. चतुर्थीला सगळे येणार, त्याआधी व्हायला हवं. "मेकॅनिककडे न्या" नको, नेऊन झालंय.

सोल्डरवाला
व्हॉल्व्ह कुठले? मागचा पुठ्ठा काढून नंबर लिही.

माडाखाली
लाकडी पेटी, स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा. नंबरांचा काय संबंध?

गजालीकार
संबंध आसा रे बाबा. 'यू'न सुरू जाणाऱ्या नंबराचे व्हॉल्व्ह आसले तर चासीत (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात) थेट लायनीचो करंट येता. हात लावलंस तर चतुर्थीक तुज्याच फोटोक हार.

ब्लूटूथभाऊ
आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवा. मी तेच केलं, मस्त वाजतो.

सोल्डरवाला
पेटीत मोबाइल ठेवलात तरी वाजेल. विचारलंय काय, सांगताय काय.

काकू_मालवण
आमच्या रेडिओची खरखर पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. एलईडी दिवेही बंद करून बघा.

माडाखाली
ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८०. आता सांगा.

सोल्डरवाला
'यू'चे नाहीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाला एसी सेट दिसतोय. तरी आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतात, बंद केल्यावरही कंडेन्सरात राहतात. मोजताना एक हात खिशात.

स्क्रू सोड. तापल्यावर आवाज फाटतो त्याचा अलाइनमेंटशी संबंध नाही. ईबीसी ८१ कडून शेवटच्या आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल ८४ च्या ग्रिडला (सिग्नल आत जातो त्या पिनला) येणारा कागदी कंडेन्सर गळत असणार. आपल्या खाऱ्या दमट हवेत ते टिकत नाहीत. वरचं मेण घामटलेलं दिसेल. ईएल ८४ ची २ नंबरची पिन ते चासी व्होल्ट मोज. शून्याच्या आसपास हवेत. प्लस आले तर सेट बंद करून ईएल ८४ काढ, क्षणभर चालू करून पुन्हा मोज. तरीही प्लस, तर कंडेन्सर गेला. प्लस नाहीसे झाले, तर व्हॉल्व्ह. हे न बघता वाजवत राहिलास तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल.

खाडीपलीकडे
एवढा घोळ कशाला? आयएफ ४५५ किलोहर्ट्झ, सिग्नल जनरेटर (हवी ती फ्रिक्वेन्सी देणारं यंत्र) लावा, आयएफ कॉइलचे गाभे फिरवून आवाज जास्तीत जास्त करा, झालं. मी आधी आयएफच लावतो.

सोल्डरवाला
फिलिप्सच्या काही सेटना ४५२ असते. आणि जुना फेराइट गाभा लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवला की तुकडा पडतो, मग कॅन (कॉइलचा पत्र्याचा डबा) उघडत बसा. प्लास्टिकचीच काडी घ्या.

खाडीपलीकडे
माझा एकही तुटलेला नाही.

गजालीकार
तुजो नाय, गिऱ्हायकाचो तुटलो आसतलो.

माडाखाली
भांडू नका. पिनवर ११ व्होल्ट प्लस. ईएल ८४ काढूनही तेवढेच.

सोल्डरवाला
मग कंडेन्सरच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा प्लास्टिक फिल्मचा घाल. कागदी सगळेच बदल.

मग जनरेटर नसेल तर एक युक्ती. काटा १००० वर ठेव, शेजारी ट्रान्झिस्टर १४५५ च्या (१००० अधिक आयएफ ४५५) आसपास फिरव. तुझ्या सेटचा ऑसिलेटर (स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) तिथे शीळ घालतो किंवा स्टेशन दाबतो. दुसरीकडेच सापडला तर सरकलाय तो ऑसिलेटर, आयएफला हात लावू नकोस. खालच्या टोकाला ६०० जवळ ऑसिलेटर कॉइलचा गाभा फिरव, वरच्या टोकाला १४०० जवळ ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा कंडेन्सर). एक लावलं की दुसरं हलतं, म्हणून आलटून पालटून, दोन्ही जागेवर बसेपर्यंत. मेकॅनिकने काय काय फिरवलं ते विचारलंस का?

माडाखाली
तो फोन उचलत नाही. ६३० व्होल्टचा कंडेन्सर सावंतवाडीत मिळेल?

काकू_मालवण
आमच्याकडे जाळीची एरियल पडून आहे, हवी तर न्या.

ब्लूटूथभाऊ
तो हिरवा डोळा विकणार का?