नेटला विजेसारखी अत्यावश्यक सेवा करावी का?

जांबोटीकर:
परवा रेशनला दीड तास उभा. मशीन अंगठा घेईना. अंगठा बरा होता, रेंज नव्हती. उताऱ्याला नेट, कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवरच्या दाखल्याला नेट, पोरांच्या निकालाला नेट. सरकारनं आपली कामं नेटवर नेली, पण नेट वाडीत आणायचं की नाही ते कंपनीच्या मर्जीवर! आपल्या वीज कंपनीचा, हेस्कॉमचा दर राज्याचा वीज आयोग ठरवतो ना? नेटलाही तसंच पाहिजे. ठरल्या मुदतीत जोडणी, दराला मर्यादा, बंद पडलं तर भरपाई.

निपाणीचा केबलवाला:
दराला मर्यादा घातली की पहिले आम्ही मरणार. मोठी कंपनी तोटा सोसते, गल्लीतला ऑपरेटर कसा सोसणार? खांबाचं भाडं, वरून बँडविड्थ विकत. जेसीबीनं फायबर तोडली की शिव्या मला, जोडायचा खर्च मला, आता भरपाईही मीच देऊ काय? दर स्पर्धेनं उतरतात. पूर्वी फोननं सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातल्या कागलकडचा टॉवर पकडला की निपाणीत घरात बसून रोमिंग लागायचं. ते चढाओढीनं गेलं, कायद्यानं नव्हे.

खानापूरची मास्तरीण:
अर्धंच सांगितलंत. २०१५ मध्ये ट्रायनं, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकानं, रोमिंगच्या कमाल दरांना कात्री लावली, पुरतं फुकट झालं ते नंतर. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही ठरावीक साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे हा डाव बंद केला तोही ट्रायनंच. चढाओढीवर सोडलं असतं तर आज माझी मुलं कंपनीनं निवडलेलं नेट बघत बसली असती.

टिळकवाडी:
वीज अत्यावश्यकच आहे की! कणकुंबीत आषाढात किती तास असते, सांगा बघू. वीज गेली, बॅटरी उतरली की टॉवरही झोपतो. कागदावर नाव बदलून काय होणार? कोर्टाचंही ऐका. २०१९ मध्ये केरळ हायकोर्टानं हॉस्टेलच्या मुलीच्या खटल्यात नेट वापरणं हा हक्क मानला. पण २०२० च्या काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या निकालात सुप्रीम कोर्टानं नेटवरून बोलण्या-लिहिण्याला संरक्षण दिलं, खुद्द नेट हा मूलभूत हक्क की नाही यावर मत दिलंच नाही.

जांबोटीकर:
म्हणूनच कायदा मागतोय, कोर्टाची वाट कशाला बघू? वीज जाते हे खरं, पण गेली तर तक्रार कुठं करायची ते तरी ठाऊक आहे. केबलवाल्यांचं एक पटलं, छोट्यांना दरमर्यादेतून सूट हवी. कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के खेड्यांतल्या सेवेसाठीच्या निधीला जातात, म्हणजे आमच्याच रिचार्जमधून. त्यातलं थोडं तुम्हाला द्या, वाडीपर्यंत ओढा फायबर.

निपाणीचा केबलवाला:
ओढतो की! वाटेत जंगल आहे, परवानगी कोण काढणार? हेस्कॉमच्या खांबाचं भाडं कोण माफ करणार? तुमच्या कायद्यात तेवढी दोन कलमं घाला, मग दराचं बोलू.