नैसर्गिक स्किनकेअर: घरचं उटणं-शिकेकाई पुरतं का, की उगाच हट्ट?

सायली_नाशिक
घरात हा वाद इतका पेटलाय की म्हटलं इथे मांडूनच टाकते. माझं मत, अंगाला रोज लावायच्या गोष्टी जितक्या कमी आणि साध्या तितकं बरं. फेसवॉश, स्क्रब, बॉडीवॉश सगळं बंद केलंय मी. आंघोळीला मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गवला कचोरा असं घरी कुटलेलं उटणं, आणि केसांना शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळून गाळायची, बस. बहिणीचं म्हणणं की हे रविवारचे लाड आहेत, नोकरी करणाऱ्या बाईला रोज जमणारं नाही, शिवाय नैसर्गिक म्हणजे सुरक्षित हा गैरसमज आहे. मला अजिबात पटत नाही. बायकांनी पिढ्यान्पिढ्या वापरून पारखलेल्या वस्तू आहेत या. हळदीचंच घ्या ना, १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरने जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळवलं होतं, ते आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकर तिचे महासंचालक असताना लढून १९९७ ला रद्द करून घेतलं. ज्याच्यासाठी तिकडचे लोक पेटंट घ्यायला धावतात ते आपण सोडून द्यायचं आणि जाहिरात बघून बाटली आणायची, का? आणि दर महिन्याला बाथरूममधून निघणारा प्लास्टिकचा ढीग वेगळाच. तुम्ही काय वापरता ते कारणासकट लिहा, नुसतं 'केमिकल वाईट' नको.

त्वचा_ओपीडी
सायली, मी छत्रपती संभाजीनगरला त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि मी तुझ्या बहिणीच्या बाजूची आहे. पेटंटचंच आधी घे. ते रद्द झालं कारण हा वापर नवीन नव्हता, संस्कृत-उर्दू-हिंदीतले जुने ग्रंथ, लेख असे ३२ संदर्भ सीएसआयआरने पुढे ठेवले होते. म्हणजे तिथे आपण जिंकलो ते लिखित पुराव्यावर, आणि सिद्ध एवढंच झालं की हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. हळदीने तुझ्या पिंपल्स जातात की नाही हा प्रश्न तिथे नव्हताच.

आता ओपीडीत काय दिसतं ते सांगते. उन्हाळ्यात मुली येतात, गालावर, हनुवटीवर ओघळ आल्यासारखे गडद काळपट पट्टे. विचारलं की कळतं, कागदी लिंबू चोळून उन्हात गेलेल्या. लिंबाच्या रसाचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या जवळपास, हा एक भाग झाला, आणि दुसरा म्हणजे लिंबाच्या सालीत फ्युरोकुमॅरिन असतं, त्याच्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने जात नाहीत. लिंबू शंभर टक्के नैसर्गिक आहे. बावची पण नैसर्गिकच, काही उटण्यांत घालतात, तिच्यात त्याच फ्युरोकुमॅरिनच्या जातीचं सोरॅलेन असतं जे आम्ही पांढऱ्या डागांवर डोस मोजून आणि प्रकाश मोजून देतो, ते तुम्ही अंगभर चोळून सकाळच्या उन्हात उभं राहायचं का? आणि काळी मेंदी, तिच्यावर तर मी तासभर बोलू शकते.

डोंबिवलीची_मावशी
डॉक्टर, लिंबू आणि उटणं एका मापाने मोजू नका हो. लिंबू चोळणं हे मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेलं खूळ आहे, आमच्या आईने आम्हाला कधी तोंडाला लिंबू लावू दिलं नाही. उटण्याची एक रीत असते. आधी कोमट तेल जिरवायचं, मग उटणं दुधात नाहीतर सायीत कालवायचं, कोरडं कधीच घासायचं नाही, आणि वाळून पापडी धरायच्या आत धुवायचं. मी आजूबाजूच्या घरांसाठी करून देते, अंगाचं जाडसर चाळते आणि तोंडाचं वस्त्रगाळ, म्हणजे धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून हाताने हलवून हलवून खाली पडतं तेवढंच घ्यायचं, अर्धा किलोला दुपार जाते, वर राहिलेला रवा परत कुटायचा. तो रवा तोंडाला लागला की ओरखडे येतात आणि लोक म्हणतात उटणं सोसलं नाही. बावची मी घालत नाही, सासूबाईंनीही घातली नाही. काष्ठौषधीच्या दुकानात तयार मिश्रण मिळतं त्यात काय काय असतं देव जाणे, म्हणून मी सगळं सुटं आणते, कचोरा मोडून वास घेते, जुना झाला की वास जातो आणि पोरकिडा लागतो. एवढं करणाऱ्याला तुम्ही खूळ म्हणणार असाल तर मला वाईट वाटेल.

त्वचा_ओपीडी
मावशी, तुम्हाला खूळ नाही म्हटलं, तुम्ही जे करता ते मला पेशंटने सांगितलं तर मी बंद करायला सांगणार नाही. पण तुमच्यासारखं सुटं आणून, वास घेऊन, वस्त्रगाळ करणारी घरं किती राहिली? बाकीचे पाकीट आणतात, त्यावर पान छापलेलं असतं आणि हर्बल लिहिलेलं असतं. माझी काळजी त्यांची आहे.

फॉर्म्युलेशन_अंबरनाथ
मी कॉस्मेटिकच्या लॅबमध्ये काम करतो त्यामुळे लोक म्हणतील हा कंपन्यांचा माणूस, म्हणू देत. 'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' हे शब्द वाचून लोक खूश होतात तेव्हा मला खरंच भीती वाटते. जिथे पाणी आहे तिथे बॅक्टेरिया आणि बुरशी येणारच. कोरडं उटणं टिकतं कारण त्यात पाणी नाही, मावशींचं कोरडं उटणं मला पूर्ण मान्य आहे. पण घरी कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून बाटलीत भरून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवतात, गुलाबपाण्यात तो कालवून स्प्रे करतात, ते डोळ्याजवळ मारतात, याला काय म्हणायचं? आणि कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो तो निथळू द्यायला हवा, त्याने आग होते, खाज सुटते, किती जण थांबतात?

दुसरं, 'नॅचरल' शब्दाला आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये व्याख्याच नाही. ऑरगॅनिकचं सरकारी जैविक भारतचं चिन्ह आहे ते खाण्याच्या वस्तूंसाठी, क्रीमसाठी नाही. क्रीमवर कॉसमॉस, इकोसर्ट वगैरे दिसतं ती खासगी सर्टिफिकेट्स, वाईट नाहीत, पण ती नसताना नुसतं हिरवं पान छापलं असेल तर त्याला काडीचाही अर्थ नाही. डबी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा, जास्त असलेला घटक आधी लिहावा लागतो, १ टक्क्याच्या खालचे मग कसेही लिहितात. पुढे मोठ्ठं केशर आणि चंदन आणि मागे ते सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हच्याही नंतर शेवटाला, म्हणजे तुम्ही चित्राचे पैसे दिलेत.

सायली_नाशिक
डॉक्टर, काळ्या मेंदीचं उदाहरण तर माझ्या बाजूने जातं! खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि एकदोन दिवसांत तपकिरी होत जातो, अर्ध्या तासात कुळकुळीत काळा होतच नाही. तो पीपीडीचा रंग, म्हणजे हेअर डायमधलं केमिकल, ज्याच्या पाकिटावर आधी चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, नाहीतर आंधळेपण येऊ शकतं असा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तेच मेंदीत मिसळायचं आणि हर्बल म्हणून विकायचं, यात निसर्गाचा काय दोष? अकोल्याची बातमी आठवते का, २०२३ ची, एकाच घरातल्या तिघींना गोरं करणाऱ्या क्रीममुळे किडनीचा त्रास झाला, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला. ही फसवणूक आहे आणि त्यावर उपाय घरी करून वापरणं हाच.

त्वचा_ओपीडी
अर्धं मान्य, अर्धं नाही. फसवणूक आहेच, पाऱ्याची अपघाताने आलेली मर्यादासुद्धा फक्त १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आहे आणि असल्या क्रीममध्ये तो मुद्दाम घालतात कारण रंग झटकन उजळतो. पण लिंबू आणि बावचीत कुणीही फसवलेलं नाही, ते तसेच आहेत. अजून एक सांगते, कोंडा झाला की घरोघरी तेलाने डोकं चिंब करतात. कोंड्याच्या मागे जी मॅलॅसेझिया बुरशी असते ती तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवरच जगते. कोंडा वाढत जातो, तेल वाढत जातं, आणि माझ्याकडे येईपर्यंत भुवयांत आणि नाकाच्या कडेला लाल खपल्या धरलेल्या असतात. तिथे कीटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असलेला शाम्पू लागतो, शिकेकाईने होत नाही. आणि खोबरेल हे सनस्क्रीन नाही, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

हळदवाला_वाळवा
ताई, डॉक्टर, दोघींना नमस्कार. सांगली जिल्ह्यात हळद करतो. तुमची चर्चा वाचतोय पण शेताकडं कोणी बघंना म्हणून लिहितो. हळद आठनऊ महिने जमिनीत असते, काढली की शिजवायची, उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. त्या पॉलिशच्या टप्प्यावर काही व्यापारी पिवळा रंग चढवतात आणि तो लेड क्रोमेट असला तर सरळ शिसं पोटात जातं आणि तोंडालाही लागतं. म्हणून लई पिवळीधमक पावडर दिसली की खूश होऊ नका, हळकुंड घ्या आणि स्वतः दळून आणा, मोडून बघा आतून रंग कसा आहे. आंबेहळद निराळी, तिला कैरीसारखा वास येतो, खायच्या हळदीने तोंड पिवळं होतं ते तिने तेवढं होत नाही.

आणि ऑरगॅनिकचं म्हणाल तर हंगामी पिकाला सर्टिफिकेट मिळायच्या आधी दोन वर्षं जमीन तशीच सांभाळायला लागते, त्या काळात उतारा घटतो आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, अभिमान आहे, पण शहरातली मंडळी छोट्या डबीतल्या ऑरगॅनिक फेसपॅकला जे पैसे देतात त्यात आमच्याकडून कितीतरी किलो हळकुंड येईल. ऑरगॅनिक जगायचं असंल तर आधी ताटातला भाजीपाला आणि धान्य बघा, शेतकऱ्याकडून थेट घ्या, तोंडाचं नंतर. तुमचा तो नागरमोथा म्हणजे आमच्या रानातला लव्हाळा, भांगलून भांगलून कंबर मोडते, तणनाशक मारलं तरी परत उगवतो. कुठल्या रानातला उपटलेला आहे आणि तिथं काय फवारलं होतं हे दुकानदाराला विचारा एकदा.

सायली_नाशिक
दादा, हे फार मोलाचं लिहिलंत, नागरमोथ्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. पण डॉक्टर, मी शिकेकाईवर ठाम आहे. मला कोंडा नाही, केस कोरडे आहेत, शाम्पूने झाडूसारखे होतात, मग कंडिशनर, मग सीरम, एकाच्या मागे दुसरं विकत घ्यायचं. निरोगी त्वचेच्या माणसाने रोज सहा बाटल्या का वापरायच्या याचं उत्तर मला अजून कुणीच दिलेलं नाही.

त्वचा_ओपीडी
कारण वापरायला नकोतच. माझ्या चिठ्ठीवर सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बास, दहा टप्प्यांचं रुटीन मी कुणालाच देत नाही. शिकेकाईसुद्धा सोसते तर खुशाल वापर, रिठ्याचं पाणी फक्त डोळ्यात जाऊ देऊ नको. पण नवीन काहीही, घरचं असो की दुकानचं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. आणि सोरायसिस, वांग, एक्झिमा असलेल्यांनी हा धागा वाचून औषधं बंद करायची नाहीत.

नवा_बाबा_पिंपरी
मध्येच विचारतो, आमचं बाळ दीड महिन्याचं आहे. मालिशवाल्या मावशी तेल लावून झालं की डाळीचं पीठ चोळतात, म्हणतात लव जाते. बायकोला नको वाटतं, आई म्हणते आम्हाला पण असंच केलं. काय करायचं?

त्वचा_ओपीडी
पीठ आजच बंद करा. ती लव आपोआप गळते. बाळाची त्वचा पातळ असते, घासून लाल होते, पुरळ येतं आणि तिथून इन्फेक्शन आत जातं. तेल हलक्या हाताने चालेल, मोहरीचं नको, खोबरेल लावा.

डोंबिवलीची_मावशी
पीठ चोळण्याच्या मी पण विरुद्ध आहे, माझ्या नातवाला लावू दिलं नव्हतं. दुधात भिजवलेलं मऊ फडकं फिरवायचं तेवढं. डॉक्टर आता त्यालाही नाही म्हणतील.

त्वचा_ओपीडी
म्हणतेच मावशी. मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत दूध राहिलं की तिथे आंबतं आणि बुरशी येते. कोमट पाणी, आणि वळ्या टिपून कोरड्या करा.